छडीविना शिस्त
अभ्यासासाठी शास्त्रभाग : नीतिसूत्रे १३:२४, इफिसकरांस पत्र ६:४, कलस्सैकरांस पत्र ३:२१



पालघर जिल्ह्यातील वारली आणि कातकरी पाड्यांवरच्या अभ्यासवर्गांना मंडळीतले लोक भेट देतात, तेव्हा मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मारायचं नाही, तर मुलांना शिस्त कशी लावायची?" प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी छड्या खातच पाढे पाठ केले. म्हणून या अंकात आपण शास्त्र आणि वर्ग, दोन्हींकडे पाहू.

१. शास्त्र काय शिकवते?

छडीच्या बाजूने बोलताना नीतिसूत्रे १३:२४ चा आधार दिला जातो. हे वचन बापासाठी आहे. मुलाची हेळसांड करू नको, त्याच्यावर प्रीती असेल तर वेळीच वळण लाव, असा त्याचा रोख आहे. दुसऱ्याच्या लेकरावर हात उगारण्याचा परवाना त्यात कोणा शिक्षकाला दिलेला नाही. येथे छडीसाठी असलेला मूळ हिब्रू शब्द 'शेबेत' २३ व्या स्तोत्रातही येतो. तिथे ती मेंढपाळाच्या हातातली काठी आहे आणि तिच्यामुळे स्तोत्रकर्त्याला धीर येतो.

पौल इफिस येथील बापांना सांगतो की, मुले संतापतील असे वागू नका. कलस्सैकरांना तो त्याचे कारणही देतो : मुलांचे मन खचेल. इफिसकरांस पत्रात शिस्तीसाठी आलेल्या 'पायदेइया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मूल वाढवणे, शिकवणे, वळण लावणे असा आहे. म्हणजे शिस्त हे शिक्षणाचेच काम आहे. ज्या उपायाने मूल काही शिकत नाही, फक्त खचते, त्याला शिस्त म्हणता येणार नाही.

२. मूल ऐकत का नाही?

पहिलीतले वारली मूल घरी वारली बोलते आणि शाळेत त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येते. त्याला सूचनाच कळलेली नसते, आणि आपण म्हणतो, "ऐकत नाही." काही मुले उपाशी येतात, दुपारच्या खिचडीपर्यंत त्यांचे लक्ष लागत नाही, भांडणे होतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावर परतलेल्या मुलाला वर्ग कुठवर पोहोचला हे ठाऊक नसते. मग ते खिडकीबाहेर बघते किंवा शेजारच्याची पाटी ओढते.

एका शाळेत दुसरीतली मुलगी रोज उशिरा यायची, म्हणून तिला दाराबाहेर उभे करत. काही दिवसांनी ती यायचीच बंद झाली. आम्ही घरी गेलो तेव्हा कळले की आई पहाटेच मजुरीला जाते आणि धाकट्या भावाला हीच सांभाळते. पाड्यावरच्या अंगणवाडीताईंशी बोलून भावाला तिथे बसवण्याची सोय झाली आणि मुलगी पुन्हा वर्गात बसू लागली. उशिराचे कारण तिच्या हातात नव्हते. शिक्षा मात्र तिला होत होती.

ही अडचण आजची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. भावंडांना सांभाळणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाला दोष न देता त्यांनी शाळाच बदलली.

३. वर्गात काय करावे?

* नियम तीन-चारच असावेत आणि काय करायचे ते सांगणारे असावेत. "ओरडू नका" याऐवजी "बोलण्याआधी हात वर करा." नियम मुलांसोबत ठरवावेत, त्यांच्या बोलीत सांगावेत आणि चित्रे काढून भिंतीवर लावावेत.
* दिवसाचा क्रम ठरलेला असावा : चपला ओळीत, गाणे, हजेरी, गोष्ट, लेखन. गोंधळ बहुधा एक काम संपून दुसरे सुरू होताना होतो. तेव्हा शिक्षकाने ठरावीक तालात टाळ्या वाजवाव्यात, मुलांनी तोच ताल परत द्यावा. आवाज चढवावा लागत नाही.
* कौतुक नेमके करावे. नुसते "शाब्बास" पुरेसे नाही. "तू खडू डब्यात परत ठेवलास, म्हणून सगळ्यांना मिळाला," असे म्हटले की मुलाला आपण काय चांगले केले ते कळते.
* चुकीचा परिणाम चुकीशी जोडलेला असावा. पाणी सांडले तर फडके आणून पुसावे. कोणाला ढकलले तर त्याला उठवून, लागले का ते विचारावे. कोंबडा करणे, उन्हात उभे करणे, पाड्यावरून किंवा जातीवरून बोलणे यातून फक्त लाज शिकली जाते.
* रागावायचे असेल तर बाजूला घेऊन, मुलाच्या उंचीला बसून, हळू आवाजात बोलावे. आधी विचारावे : "काय झालं?"

हे सारे एका आठवड्यात साधत नाही. छडीने वर्ग लगेच गप्प होतो, हे खरेच आहे. पण शिक्षक वर्गाबाहेर गेले की ती शांतता संपते, आणि जे मूल घाबरून घरी राहिले ते त्या शांततेत मोजलेच जात नाही. ज्या घरातले पहिलेच मूल शाळेची पायरी चढते, तिथे एकदा तुटलेली शाळा पुन्हा जोडणे फार कठीण असते.

४. कायदा

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींस मनाई आहे. अपमान करून रडवणे हेही मारण्याइतकेच चूक आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

५. मंडळीने काय करावे?

संडे स्कूलपासून सुरुवात करावी. तिथेही हेच नियम लागू आहेत. पाड्यावर भेटीला गेल्यावर मुलांना गुणांविषयी विचारण्याआधी शाळेत कोण येत नाही आणि का, हे विचारावे. देणगी देताना पाट्या, चित्रांची पुस्तके आणि सकाळच्या खाऊचाही विचार करावा. लेकरांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला (मार्क १०:१४), लेकरांवर नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या घरात किंवा वर्गात एखादे मूल ऐकत नाही, त्यामागचे कारण मी शोधले आहे का?
२. या आठवड्यात मी कोणत्या मुलाचे नेमके कौतुक केले?
३. आपल्या ओळखीतले कोणते मूल शाळेतून गळाले आहे? त्याच्या घरी कोण जाईल?