परिणाम आधी, कृती नंतर?

प्रतिक्रियेचा क्रम आपण वर्गात शिकतो तो सरळ आहे. उद्दीपक येतो, माणूस प्रतिक्रिया निवडतो, मग कृती घडते आणि शेवटी तिचा परिणाम दिसतो. मग जो परिणाम अजून घडलेलाच नाही, तो निवडीत ढवळाढवळ कशी करणार? पेरणीआधी मळणी व्हावी तशातलीच ही गोष्ट.

परंतु विल्यम जेम्सने 1890 साली आपल्या ग्रंथात वेगळाच विचार मांडला. हालचालीच्या परिणामाची कल्पना मनात येते आणि तीच हालचालीला चालना देते, असे त्याचे म्हणणे. पुढे वर्तनवाद्यांच्या काळात हा विचार अडगळीत पडला. त्याला प्रयोगाचे भक्कम बळ मिळाले ते बऱ्याच उशिरा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्फ्रीड कुंडे यांचा 2001 सालचा प्रयोग पाहा. समोर रंग दिसला की चार कळांपैकी ठरलेली कळ दाबायची, एवढेच काम. कळ दाबल्यावर पडद्यावरील चार चौकटींपैकी एक उजळे. तिच्याकडे पाहण्याची गरज नव्हती. तरीही कळेच्याच जागेची चौकट उजळणार असेल तेव्हा हात लवकर चाले. भलतीकडची उजळणार असेल तेव्हा उशीर होई. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वेळ मोजली ती कळ दाबेपर्यंतची, आणि चौकट उजळे ती त्यानंतर. म्हणजे उशीर प्रकाशामुळे झालेला नाही, प्रकाशाच्या अपेक्षेमुळे झाला! कळ हळू दाबल्यावर मोठा आवाज आणि जोरात दाबल्यावर लहान आवाज, अशी उलट जोडी लावली तेव्हाही प्रतिक्रियेला असाच उशीर झाला.

नेसरी परिसरातील कोणत्याही भजनी मंडळाची पेटी डोळ्यांसमोर आणा. डावीकडून उजवीकडे जावे तसा सूर चढतो. समजा, आतील रीड कोणी उलट क्रमाने बसवले आणि पेटीवाल्या बुवांना सांगितले, "सुराकडे लक्ष देऊ नका, मी दाखवतो ती पट्टी दाबा." बुवा तरीही अडखळतील, असे मला वाटते. नवशिक्या मात्र खुशाल दाबत जाईल, कारण त्याच्या बोटाशी सूर अजून जोडलेला नाही. पियानोवादकांवरील 2005 सालच्या प्रयोगात याच जातीचा फरक आढळला. पडद्यावर दाखविलेला स्वरमेळ वाजविताना कानावर दुसराच पडला की वादक मंदावत. संगीत न शिकलेल्यांवर त्याचा परिणाम होत नसे.

परिणाम असा आपोआप जोडला जात असला, तरी हेतूला काहीच स्थान नाही असे मात्र नव्हे. बर्नहार्ड होमेल यांच्या 1993 च्या प्रयोगात एका बाजूची कळ दाबली की विरुद्ध बाजूचा दिवा लागे. 'कळ दाबा' असे सांगितलेल्यांना हाताच्या बाजूने आलेला आवाज सोयीचा ठरला. 'दिवा लावा' असे सांगितलेल्यांना दिव्याच्या बाजूचा. हात तेच, कळाही त्याच!

आपल्याकडे हे करून पाहायचे तर हातघड्याळाने भागणार नाही. फरक सेकंदाच्या काही शतांशांचाच असतो.