ऑफिसात उघडणारं वेबमेल घरून का उघडत नाही?

प्रश्न : आमच्या सीए फर्मचा मेल सर्व्हर ऑफिसातच आहे आणि त्याच्यापुढे फायरवॉल सर्व्हर. ऑफिसात वेबमेल झटकन उघडतं. घरून तोच पत्ता टाकला की पान नुसतं फिरत राहतं आणि शेवटी 'टाइम आउट' येतं. फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फायरवॉल अजिबात बंद करू नका. बाहेरची विनंती आतल्या सर्व्हरपर्यंत बहुधा तोच पोचवतो; तो बंद झाला तर वाटच उरणार नाही.

'टाइम आउट' म्हणजे विनंतीला उत्तरच आलं नाही. नुसतं लॉगिनचं पान जरी दिसलं असतं, तरी वाट मोकळी असल्याचं कळलं असतं. म्हणजे तुमचा दोष पासवर्डात नाही, रस्त्यात आहे.

लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि 'एनएसलुकअप' ही आज्ञा देऊन वेबमेलचं नाव विचारा. उत्तरात १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला, तर तो फक्त ऑफिसच्या आत चालतो. डीएनएसमध्ये सार्वजनिक पत्ता नोंदवून घ्या. आता राउटरचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. मग फायरवॉलचे नियम कितीही बदला, उपयोग नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपीच घ्यावा लागेल.

हे ठीक असेल तर फायरवॉलचा लॉग उघडून ठेवा आणि मोबाइलवरून पुन्हा प्रयत्न करा. माझा सर्वाधिक भरवसा या पायरीवर आहे. नोंदच उमटली नाही, तर विनंती वाटेतच, बहुधा राउटरपाशी अडली. 'डिनाइड' दिसलं, तर पोर्ट ४४३ चा नियम चुकला आहे. 'अलाउड' असूनही पान येत नसेल, तर मेल सर्व्हरचा डीफॉल्ट गेटवे तपासा. तो फायरवॉलऐवजी दुसऱ्याच राउटरकडे असेल, तर विनंती एका दारानं आत येते आणि उत्तर दुसऱ्यानं निघून जातं. आतल्या संगणकांना गेटवे लागतच नाही, म्हणून ऑफिसात सगळं सुरळीत दिसतं. हा दोष सहज नजरेतून सुटतो.

वाट सापडल्यावरही ४४३ साऱ्या जगाला खुलं ठेवण्यापेक्षा व्हीपीएन घ्या, असा माझा आग्रह आहे. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या मार्च २०२१ मध्ये उघड झालेल्या त्रुटी वापरून हल्लेखोर याच पोर्टमधून जगभरच्या हजारो संस्थांच्या सर्व्हरांत शिरले होते. तुमच्या मेलमध्ये अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील असणार. व्हीपीएन जमत नसेल, तर निदान दुहेरी पडताळणी सुरू करा आणि सर्व्हरचे अपडेट लांबणीवर टाकू नका.