वर्गाचे वर्तमानपत्र

तुम्ही वर्तमानपत्र पाहता, वाचता. असे एखादे वर्तमानपत्र तुमच्या वर्गाने काढले तर? त्यासाठी छापखाना नको की फार पैसे नकोत. मोठा पुठ्ठा, कोरे कागद, रंगीत पेन्सिली आणि थोडी मेहनत एवढे पुरे.

विषय कोणता घ्यावा? या वेळी आपल्या शेजाऱ्यांचा घेऊ. वसईच्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा इतिहास आणि वारसा!

आधी कामे वाटून घ्या. एक संपादक निवडा. चार-पाच वार्ताहर नेमा. ज्यांचे अक्षर सुंदर, ते मजकूर लिहितील. ज्यांचा हात चित्रकलेत चांगला, ते चित्रे काढतील.

पहिल्या पानावर वसईचा किल्ला असू द्या. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्यात जुन्या चर्चच्या उंच भिंती आजही उभ्या आहेत.

दुसऱ्या पानावर संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म वसईचा. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे धर्मासाठी त्यांनी प्राण दिले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले.

तिसरे पान भाषेचे. वसईचे अनेक ख्रिस्ती लोक घरी मराठीचीच बोली बोलतात. फादर स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आलेले धर्मगुरू. त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' हा मोठा ग्रंथ रचला. तो १६१६ साली छापला गेला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भाषा कोणा एका धर्माची नसते, ती बोलणाऱ्या सर्वांची असते.

त्याच पानावर शब्दांचा एक कोपरा ठेवा. मराठीतील पाव, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आले. उर्दूतील चाबी, पादरी आणि गिरजा हे शब्दही तिथूनच आले. पाहा, हा वारसा तुमच्या घरातही आहे!

आता एक अवघड बातमी. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसई जिंकल्यावर ती तिथून आणली, असे सांगतात. एक वार्ताहर लिहील, "घंटा लुटून नेली." दुसरा लिहील, "विजयाची खूण म्हणून आणली." मग दोघांत वाद होईल. संपादकाने काय करावे?

जे डोळ्यांना दिसते, ते 'आहे' असे लिहावे. जे कानांवर येते, ते 'असे सांगतात' म्हणून लिहावे. मग नाशिकच्या माणसाला त्या घंटेबद्दल काय वाटते, हे त्याला विचारावे. वसईच्या ख्रिस्ती माणसालाही विचारावे. दोघांचे म्हणणे शेजारी शेजारी द्यावे. आपल्या मनचे त्यात घालू नये. लेखाखाली आपले नाव मात्र जरूर लिहावे.

तुमचे वर्तमानपत्र वसईच्या एखाद्या मुलाने वाचले, तर त्याला वाटले पाहिजे, "होय, आमचे गाव असेच आहे." उद्या तो मुलगा तुमच्या मोहल्ल्याबद्दल, मशिदीबद्दल आणि ईदबद्दल लिहील. त्याने ते कसे लिहावे असे तुम्हांला वाटते? तसेच तुम्ही त्याच्याबद्दल लिहा.

शब्दार्थ
वारसा - पूर्वजांकडून मिळालेली ठेव
वार्ताहर - बातमी आणणारा
मजकूर - लिहिलेला भाग
खूण - निशाणी

स्वाध्याय
१. वसई पोर्तुगीजांना कोणी व कधी दिली?
२. 'आहे' आणि 'असे सांगतात' यांत काय फरक आहे?
३. तुमच्या गावातील एका जुन्या इमारतीची माहिती दोन वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि पाच वाक्यांत लिहा.