तांदूळ स्वच्छ, पण धुवण कुठे?

परवा दवाखान्यात एका गुरुजींनी विचारले, "डॉक्टर, अणुभट्टीतले वापरलेले इंधन म्हणे शुद्ध करून पुन्हा वापरतात. मग त्यात आरोग्याला धोका कसला?" आपल्याकडे ट्रॉम्बेला १९६४ मध्ये व पुढे तारापूरलाही हे काम सुरू झाले. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो.

वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवतात. रॉकेलसारख्या तेलात मिसळलेले एक रसायन त्यातून युरेनियम व प्लुटोनियम ओढून घेते. सीझियम, स्ट्रॉन्शियम आम्लातच राहतात. काढलेल्या इंधनात त्यांचा दहा लाखांत एक भागही उरू नये, असा कटाक्ष असतो. पण तांदूळ कितीही स्वच्छ धुतला, तरी धुवण कुठे ओतले, हा प्रश्न उरतोच.

इंग्लंडच्या सेलाफील्ड येथील उदाहरण पाहा. तिथे वापरलेले इंधन पाण्याच्या टाक्यांत ठेवत. १९७०च्या दशकात त्या पाण्यातून सीझियम मोठ्या प्रमाणावर आयरिश समुद्रात गेले. १९८५ मध्ये हे पाणी झिओलाइट या खनिजातून गाळू लागले आणि प्रमाण पूर्वीच्या शंभराव्या भागाहूनही खाली आले. मात्र एकच चाळण सर्व काही अडवत नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या नव्या यंत्रणेने प्लुटोनियम अडवले, पण टेक्नेशियम निसटले आणि तिथल्या शेवंडांत सापडू लागले. त्यावर उपाय लागू होण्यास २००४ उजाडले. सेलाफील्डचे पुनर्प्रक्रियेचे काम २०२२ मध्ये थांबले.

शरीरात सीझियम पोटॅशियमची जागा घेऊन स्नायूंत शिरते, तर स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे हाडांत बसते. किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठते. म्हणून सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. निसर्गातून मिळणारा किरणोत्सर्ग व क्ष-किरण तपासण्या त्यात धरत नाहीत. निसर्गातून आपल्याला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो.

हा हिशेब सरासरी माणसाचा करून चालत नाही. महिन्यातून एकदा मासे खाणारा सुरक्षित असेल, पण रोज दोन वेळा मासळी खाणाऱ्या कोळ्याच्या घराचे काय? सर्वांत जास्त खाणाऱ्याचे माप घ्यावे, हाच योग्य नियम.

तेव्हा अफवा ऐकून ताटातली मासळी टाकू नका. पण इंधन किती शुद्ध झाले, एवढ्यावर समाधानही मानू नका. पाण्यात व मासळीत किती मोजले आणि ते कोणाच्या ताटासाठी मोजले, हे जरूर विचारा.