‘सोडा’ म्हणजे कोणता?

आपल्या गोंदियाकडे मराठी व हिंदी एकाच अंगणांत नांदतात. हिंदी बोलणाऱ्यास ‘सोडा’ ऐकतांच पांढरी पूड आठवते. मराठी माणसास मात्र ती आज्ञाही वाटते. “बांधींत पाणी सोडा” म्हटलें कीं धानास पाणी मिळतें. “त्या पैशांवर पाणी सोडा” म्हटलें कीं पैसे गेलेच! कोंकणांत तर ‘सोडे’ मागितल्यास सोललेली सुकी कोळंबी पुढें येते.

आज्ञार्थी ‘सोडा’ हें ‘सोडणें’ या क्रियापदाचें रूप. पुडीचें नांव मात्र परभाषेंतून आलेलें. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८०७ सालीं वितळलेल्या दाहक सोड्यांतून विजेचा प्रवाह सोडून एक नवा धातु वेगळा केला, आणि सोड्यावरूनच त्यास ‘सोडियम’ म्हटलें.

आपल्या लोकांस हे क्षार नवे नव्हते. सज्जीखार, पापडखार हे शब्द जुनेच आहेत. विदर्भांतच, बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें उल्केच्या आघातानें झालेलें खारें सरोवर आहे. तेथील क्षार पूर्वीं काढून विकीत, व त्याच्या प्रकारांस दल्ला, पापडी, भुसकी अशीं निरनिराळीं नांवें होतीं. आपण मात्र साऱ्यांस नुसतें ‘सोडा’ म्हणतों, आणि धोका तेथेंच आहे.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आंबट ताक किंवा उष्णता लागली कीं त्यांतून वायु सुटतो व पीठ फुगतें. वरण लवकर शिजावें म्हणून कोणी तो डाळींत टाकतात. डाळ मऊ होते खरी, परंतु तींतील ब-१ जीवनसत्त्व बरेंच नष्ट होतें. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो कपड्यांसाठीं, पोटासाठीं नव्हे. तिसरा कॉस्टिक सोडा. साबण करण्यास तो लागतो, पण कातडी, डोळे, अन्ननलिका जाळून टाकतो. तो पाण्यांत थोडाथोडा घालावा. त्यावर पाणी ओतूं नये, कारण तें एकदम तापून उसळतें. अंगावर पडल्यास पुष्कळ वाहत्या पाण्यानें धुवावें. कोणी गिळल्यास ओकारी काढवूं नये, तडक दवाखाना गांठावा.

तिन्ही दिसण्यांत पांढरेच. तेव्हां “बाळ, सोडा आण” असें आईनें सांगितलें तर “कोणता?” असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे. डब्यावर पूर्ण नांव लिहावें, आणि कॉस्टिक सोडा शरबताच्या बाटलींत कधींही ठेवूं नये.

राहिला पिण्याचा सोडा. पूर्वीं या पाण्यांत खरोखरीच सोडा घालीत; पुढें नुसता कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायु, दाबानें भरूं लागले, तरी नांव तेंच राहिलें. हायरम कॉड यांनीं १८७२ सालीं गोटीच्या बाटलीचें पेटंट घेतलें. आंतील वायूच गोटीला तोंडाच्या रबरी कड्याशीं घट्ट दाबून धरतो. गोटी आंत ढकलतांच जो फस्स आवाज होतो तो त्या वायूचा. सोडा त्या बाटलींत बहुधा नसतोच.