‘पेटंट’ आणि ‘प्रोप्रायटरी’ : दोन शब्दांतील अर्थभेद

दिघोरीतील छोटे औषधालय असो वा भंडाऱ्यातील घाऊक पेढी, कंपनीच्या नावाने मिळणाऱ्या आयुर्वेदीय औषधास आपण सर्रास ‘पेटंट’ म्हणतो. हा शब्दप्रयोग निरुपद्रवी नाही, असे आम्हांस वाटते.

‘पेटंट’ हा शब्द मूळ लॅटिन. अर्थ ‘उघडे असलेले’. इंग्लंडचा राजा विशेष अधिकार देताना जे पत्र देई, ते मोहोर न फोडता वाचता येई. आजचे पेटंटही याच न्यायाने चालते : शोध जगापुढे उघड करावयाचा आणि मोबदल्यात वीस वर्षांचा एकाधिकार घ्यावयाचा. ‘प्रोप्रायटरी’ म्हणजे केवळ ‘मालकीचे’. दुकानाच्या पाटीवर मालकाच्या नावाआधी आपण ‘प्रोप्रा.’ लिहितो, त्याच कुळातील हा शब्द.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३(एच) मध्ये हे शब्द ‘किंवा’ने जोडले गेले आणि घोटाळा वाढला. आयुर्वेदापुरता तेथील अर्थ असा : घटकद्रव्ये पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांमधीलच, परंतु पाठ ग्रंथोक्त नव्हे, असे औषध. पेटंट कायद्याचा येथे काडीचाही संबंध नाही.

समजा, एखाद्या वैद्याने आजोबांच्या हातचे कासावरील चाटण या सदराखाली परवाना घेऊन बाजारात आणले. ‘पेटंट’ शब्द पाहून कृती सुरक्षित झाली, असे तो मानतो. प्रत्यक्षात नियम १६१ नुसार प्रत्येक घटकद्रव्य वनस्पतिशास्त्रीय नाव व प्रमाणासह लेबलवर छापावेच लागते. ते वाचून दुसरा निर्माता रीतसर परवाना मिळवून तेच चाटण वेगळ्या नावाने विकू शकतो. नोंदणी केली असल्यास सुरक्षित राहते ते केवळ नाव, आणि तेही व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये.

मग खरेच पेटंट घ्यावे काय? पेटंट कायदा, १९७० चे कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानास पेटंट नाकारते. जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सी.एस.आय.आर.ने हरकत घेतली व १९९७ मध्ये ते रद्द झाले. ज्या न्यायाने हळद वाचली, तोच न्याय आजोबांच्या चाटणालाही लागतो.

पेटंट नसताना मालावर ‘पेटंटप्राप्त’ छापणे हा कलम १२० चा भंग होय. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्याचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत वाढविला आहे. तेव्हा माहितीपत्रक छापखान्यात देण्यापूर्वी सुटा ‘पेटंट’ शब्द खोडून ‘प्रोप्रायटरी’ लिहावे.