काठावर असतानाच नाही म्हणा

गंगाखेडात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. लहानपणापासून तिच्या काठावर वावरलेल्या माणसाला तिची भीती उरत नाही, आणि घात तिथेच होतो.

मावशीचे यजमान गेले, तेव्हा ती पुण्याहून अस्थी घेऊन आली. मे महिना, दुपारचे साडेतीन. सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं, अंगाची नुसती काहिली होत होती. अस्थी काठच्या शेवाळात नको, मधल्या धारेत सोडायच्या, असा मावशीचा हट्ट. नाव सहा जणांची, आम्ही नऊ. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालेलं. नाववाल्याने एकदा तिकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "उद्या सकाळी आलात तर बरं होईल," तो म्हणाला. मी म्हणालो, "पाच मिनिटांचं तर काम आहे, चला." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

धारेपर्यंत पोचलो आणि वळवाचा वारा सुटला. आधी डोळ्यांत धूळ, मग लाटा. नाव वाऱ्याला आडवी झाली, भाचा घाबरून उभा राहिला आणि एका अंगाने पाणी आत आलं. "बसा! बुडाला बसा सगळे!" नाववाला ओरडला. आम्ही तळातल्या पाण्यात बसलो. त्याने काठाकडे धाव घेतली नाही. नावेचं तोंड वाऱ्याकडे फिरवलं आणि वल्ह्यावर तसंच धरून ठेवलं. मावशीचा एक हात मांडीवरच्या मडक्यावर, दुसरा माझ्या मनगटावर. तिच्या नखांचे वण दोन दिवस गेले नाहीत. अंगात जॅकेट एकाच्याही नव्हतं.

आम्ही वाचलो. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा जण गेले. तीही रोजच्या येण्याजाण्याचीच वाट होती.

म्हणून सांगतो, एप्रिल-मेमध्ये नावेत बसायचं तर सकाळी. वळीव बहुधा दुपारनंतर येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तितके किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर नाव काठाला घ्या, आणि काठावर एकट्या झाडाखाली उभे राहू नका. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. जॅकेट मागा आणि त्याचे पट्टे आवळून बांधा. नसेलच तर घट्ट झाकणाचा वीस लिटरचा रिकामा कॅन जवळ ठेवा, तो धरून मोठा माणूस तरंगतो. लाकडी नाव उलटली तरी बहुधा तरंगते, तिला धरून राहा.

पावसाळ्यात डोक्यावरचं आभाळ पाहून भागत नाही. इथे ऊन असतं आणि माजलगावचे दरवाजे उघडलेले असतात. ते पाणी सिंदफणेतून मंजरथला गंगेत येतं आणि पुढे आपल्याकडे. पैठणचंही तसंच. विसर्गाची बातमी ऐकल्याशिवाय पात्रात उतरू नका.

आणि काठ आला म्हणून उडी मारू नका. वाळूच्या उपशाने पात्रात खड्डे पडलेत. घोटाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. रात्री वाळू निघत असेल तिथे तर थांबूच नका, फोटो काढू नका. लांब येऊन 112 ला कळवा.

आमचं दुसरं संकट घाटावर वाट पाहत होतं. पाण्यात पडतील म्हणून मावशीने पाटल्या रुमालात बांधून पिशवीत ठेवल्या होत्या, वर फोन. शेजारी बसलेला एक भला दिसणारा माणूस म्हणाला होता, "जा तुम्ही, मी बघतो सामान." वादळात पळापळ झाली. परतलो तेव्हा ना माणूस, ना पिशवी. पाटल्या तिने सगळ्यांदेखत काढल्या होत्या, हे मला नंतर आठवलं. दागिने घरीच ठेवून निघा. सामानापाशी आपलंच माणूस बसवा, त्याने नावेत यायचंच नाही, आणि आपण किती वाजता परतणार हे त्याला सांगून ठेवा. फोन गेलाच तर आधी सिम बंद करा, तक्रार नोंदवा, मग 'संचार साथी'वर आयएमईआय क्रमांक देऊन फोन बंद पाडा. तो क्रमांक घरच्या वहीत लिहिलेला हवा. आमच्याकडे नव्हता.

अस्थी त्या दिवशी मडक्यातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच नाववाला आला. त्याने आम्हाला दोन खेपांत नेलं. पाणी अगदी निवांत होतं. मावशीने मडकं धारेत रिकामं केलं आणि वाकून त्याला म्हणाली, "काल तुझं ऐकायला हवं होतं रे, बाबा."